वेदनाशामक जेल आणि वनस्पतिजन्य घटक

डायक्लोफिनॅकची गोळी प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते. त्यामुळे दाह ओसरतो. परंतु जठराच्या अस्तराचे संरक्षणही दुबळे होते. जेलमधून त्वचेवाटे दिलेले हेच औषध रक्तात अल्पांशानेच पोहोचते. गुडघेदुखीने त्रस्त वृद्धांसाठी म्हणूनच हा मार्ग महत्त्वाचा ठरतो.

आपल्याकडील एका परिचित जेलमध्ये डायक्लोफिनॅक डायएथिलअमाइन १.१६ टक्के, जवसाचे तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के आणि मेंथॉल ५ टक्के असते. पुदिन्यापासून मिळणारे मेंथॉल केवळ गारवा देत नाही. त्वचेच्या बाह्यस्तरातील मेदाची घट्ट रचना सैल करून ते औषधाला वाट करून देते. मात्र वाट मोकळी झाली की रक्तात जाणारी मात्राही वाढू शकते. वॉर्फरिन घेणाऱ्या रुग्णात मिथाइल सॅलिसिलेटमुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो. ‘वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हा जाहिरातींचा लाडका समज येथे टिकत नाही. अर्कांची अडचण आणखी निराळी: हळदीतील कर्क्युमिनचे प्रमाण वाण आणि जमीन यांनुसार बदलते.

सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ निश्चित-मात्रा मिश्रणांवर बंदी घातली. त्यांतील घटक एकत्र करण्यास उपचारात्मक समर्थन नव्हते. जेलमध्ये नवा अर्क मिसळणाऱ्यालाही त्या अर्काचा स्वतंत्र लाभ चाचणीने दाखवावा लागेल.