ठासणीची बंदूक आणि छर्र्यांचा फैलाव

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना वाटेत ओरत्तनाडु हे गाव लागते. दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ उभारलेले अन्नछत्र येथेच आहे. हे छत्र उभे राहिले तेव्हा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, जगातील जवळजवळ प्रत्येक बंदूक नळीच्या तोंडाकडूनच भरावी लागे. पुढे काडतुसाची बंदूक आली आणि संपन्न शिकाऱ्यांनी ठासणीची बंदूक टाकून दिली. तमिळ देशात ती दीर्घकाळ टिकली ती मुख्यतः नरिकुरवर या भटक्या जमातीच्या हाती. स्वतःला वागरी म्हणविणाऱ्या या लोकांची बोली आर्यकुळातील असून गुजरातीस जवळची आहे. १९३४ साली मेट्टूर धरण पुरे झाले, कावेरीचे पाणी कालव्याने ओरत्तनाडूच्या कोरड्या पट्ट्यात पोहोचले आणि भाताची खाचरे वाढली. खाचरे आली की बगळे, लावे, पाणकोंबड्याही येतातच.

एकनळी बंदुकीच्या धन्यास एकच बार मिळतो. तो वाया गेला तर दारू व शिसे यांचा पैसा जातो, आणि छर्र्यांत मोठ्या फटी राहिल्या तर पक्षी जखमी होऊन झुडपात मरतो. तो ना शिकाऱ्याचा, ना रानाचा. म्हणून फैलावाचा प्रश्न हा केवळ नेमबाजीचा नव्हे.

बार विस्कळीत होताच बहुतेक जण दारू वाढवितात. ही समजूत अगदी उलटी आहे. दारू जास्त झाली की नळीबाहेर पडणारा वायू डाटाला छर्र्यांच्या घोळक्यात ढकलतो. मध्यभाग रिकामा राहतो व छर्रे कडेला उधळतात. दारूचे जेवढे आकारमान तेवढेच छर्र्यांचे, हे जुने माप सुरुवातीस उत्तम होय. त्यानंतर दारू थोडी कमी करून पाहावे. जोर किंचित घटतो. फैलाव मात्र दाट होतो.

दुसरी गोष्ट डाटांची. दारूवरील चकती जाड व नळीत घट्ट बसणारी हवी, नाहीतर वायू कडेने निसटून छर्र्यांत शिरतो. छर्र्यांवरची चकती मात्र पातळच असावी. तिचे काम छर्रे ओघळू न देणे एवढेच. पुष्कळ जण नेमके याच्या उलट करतात. गज दर वेळी सारख्याच दाबाने चालवावा. छर्र्यांवर घाव घालू नयेत, कारण मऊ शिसे चेपते आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही. दारू व डाट यांत पोकळी राहू देऊ नये. तेथे नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. पुरा बार भरल्यावर गज कोठवर आत जातो त्याची खूण त्यावर करून ठेवली, तर चूक लगेच कळते. दारूची काजळी साचली की डाट अडतो, म्हणून नळी वरचेवर पुसावी.

परीक्षा कागदावरच होते. पंचवीस पावलांवर मोठा कागद ताणावा, बार काढावा, छिद्रांच्या दाट भागाभोवती सुमारे ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून आतील छिद्रे मोजावीत. एका बारावर विश्वास ठेवू नये; निदान चार-पाच काढावेत, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सरळ नळीच्या बंदुकीचे जेमतेम चाळीस टक्के छर्रे चाळीस यार्डांवर या वर्तुळात पडतात. तोंडाशी आवळलेल्या नळीचे सत्तरच्या घरात जातात, परंतु ही युक्ती १८७० नंतरच रूढ झाली. साध्या नळीच्या धन्याला तेवढा दाटपणा हवा असेल, तर त्याने पावले कमी करावीत. दुसरा उपाय नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नरिकुरवरांची पक्ष्यांची शिकार गुन्हा ठरली. मणी व सुया विकण्याचा त्यांचा जोडधंदा मुख्य झाला. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेने त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश करणारे विधेयक संमत केले. तोवर मापाने दारू भरणारी पिढी म्हातारी झाली होती.