एका वाद्यवृंदाची दोन वर्षे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



बेकारीवर बोलायला उभा राहिलेला अर्थशास्त्राचा अध्यापक आकड्यांचे तक्ते मांडील, अशी आपली अपेक्षा असणार. आकडे येतीलच, पण आज मी आपल्यापुढे एका वाद्यवृंदाची हकिकत ठेवणार आहे. 'द स्पेशल्स' हे त्याचे नाव. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात १९७७ साली तो जमू लागला, १९७९ मध्ये त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९८१ च्या उन्हाळ्यात, त्याचे गाणे देशात पहिल्या क्रमांकावर असताना, तो फुटला. पुढे अनेक वर्षांनी त्यांतील काही मंडळी त्याच नावाने पुन्हा एकत्र आली, पण तो निराळा अध्याय आहे. मला बोलायचे आहे ते पहिल्या दोन वर्षांविषयी.

हे लोक वाजवीत ते संगीत 'स्का'. ते जमैकाचे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत ध्वनिवर्धकांच्या उतरंडी रचून रस्त्यावर नाच चालत. अमेरिकन तबकड्या वाजवता वाजवता तेथील वादकांनी स्वतःचा ठेका घडवला. ठोक्यावर जोर न देता दोन ठोक्यांमधल्या जागेवर गिटारचा आघात करायचा, ही त्याची खूण. १९६२ साली जमैका स्वतंत्र झाला, त्या काळाचे हे संगीत. मजुरांबरोबर ते इंग्लंडमध्ये आले. युद्धानंतर इंग्लंडला हात हवे होते, १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने वसाहतींतील प्रजेला तेथे राहण्याचा हक्क होता, आणि बस, इस्पितळे, ओतशाळा यांतील जड व कमी पगाराची कामे या लोकांच्या वाट्याला आली.

आता कॉव्हेंट्रीकडे वळू. आधी सायकली आणि मग मोटारी यांवर हे शहर वाढले. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी ते जाळले; युद्धानंतर ते पुन्हा उभे राहिले आणि इंग्लंडमधील सर्वांत चांगली मजुरी देणाऱ्या शहरांत गणले जाऊ लागले. त्यामागे एक करार होता. १९४१ च्या या टूलरूम करारानुसार हत्यारे घडवणाऱ्या कारागिराची मजुरी जिल्ह्यातील कुशल उत्पादन-कामगाराच्या सरासरी कमाईपेक्षा खाली जाऊ शकत नसे. नगावारी काम करणाऱ्याची कमाई वाढली की टूलरूमची आपोआप वाढे. तीस वर्षे ही शिडी टिकली. १९७१ मध्ये मालकांनी ती काढून घेतली. कामगार चळवळीच्या इतिहासात या कराराला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असे माझे मत आहे.

परंतु या शिडीच्या पायऱ्या सर्वांसाठी नव्हत्या. पंजाबी कामगारांनी याच शहरात १९३८ साली इंडियन वर्कर्स असोसिएशन स्थापन केली होती, हे आपण अभिमानाने सांगतो; पण अशी वेगळी संघटना का लागावी, हा प्रश्न आपण टाळतो. जवळच्या लेस्टर शहरात १९७४ साली इम्पीरियल टाइपरायटर्सच्या आशियाई कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्याच युनियनने त्यांच्याकडे पाठ फिरवली. गोऱ्या कामगाराच्या मनातील वर्णभेदाला हात घालण्याचे धैर्य युनियनच्या पुष्कळ शाखांत नव्हते. ती पोकळी नॅशनल फ्रंटसारख्या पक्षांनी भरायला घेतली, आणि त्यांचे गिऱ्हाईक होते बेकार गोरे पोर.

या पार्श्वभूमीवर सात तरुण एका रंगमंचावर आले. लिन्व्हल गोल्डिंग आणि नेव्हिल स्टेपल यांचा जन्म जमैकाचा; टेरी हॉल, हॉरेस पँटर, रॉडी बायर्स, जॉन ब्रॅडबरी हे गोरे. म्होरक्या जेरी डॅमर्स. धर्मोपदेशकाचा हा मुलगा १९५५ साली आपल्याकडे उटकमंडला जन्मला. तो आणि पँटर कॉव्हेंट्रीच्या लँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये कलाशिक्षण घेत होते. स्काचा ठेका आणि त्या वेळच्या गोऱ्या पोरांचे कर्कश पंक संगीत त्यांनी एकत्र केले. कल्पना साधी होती : ज्या पोराला फॅसिस्टांचे पत्रक वाचायला मिळते, त्याला त्याच वयात काळ्या माणसाच्या ठेक्यावर नाचायला लावायचे.

पहिली तबकडी 'गँगस्टर्स' त्यांनी उसनवारीच्या पैशांवर काढली. दुसऱ्या बाजूला स्वतःचे गाणे ध्वनिमुद्रित करणे परवडेना, म्हणून गावातल्याच नीओल डेव्हिसची आधी तयार असलेली एक धून तेथे घातली आणि तिला 'द सिलेक्टर' असे नाव दिले. मग त्या नावाचा वाद्यवृंदच उभा राहिला, आणि पॉलिन ब्लॅक ही त्याची गायिका झाली. डॅमर्सने 'टू टोन' नावाची स्वतःची मुद्रा काढली. काळ्यापांढऱ्या चौकटी ही तिची निशाणी. वितरण मोठ्या क्रिसॅलिस कंपनीचे, निवड मात्र यांची. नव्या वादकांना दीर्घ करारात बांधून ठेवायचे नाही, असा रिवाज होता : 'मॅडनेस' आणि 'द बीट' यांनी येथे एकेक तबकडी काढली आणि ते दुसरीकडे गेले. भांडवली बाजारात राहून सहकाराच्या जवळ जाणारा हा प्रयोग होता. तो किती जवळ गेला, ते पुढे पाहू.

रंगमंचावर जे साधले ते सभागृहात नेहमी साधत नसे. फॅसिस्ट टोळकी कार्यक्रमांना येत, मारामाऱ्या होत. जुलै १९८० मध्ये लंडनमध्ये गोल्डिंगवरच वर्णद्वेषी हल्ला झाला. एप्रिल १९८१ मध्ये कॉव्हेंट्रीत भर दिवसा एका तरुण आशियाई विद्यार्थ्याचा खून झाला, तेव्हा या मंडळींनी जूनमध्ये शहरातच वर्णसलोख्यासाठी मोठा जलसा केला.

एव्हाना अर्थव्यवस्थेची काय अवस्था होती? मे १९७९ मध्ये थॅचरबाईंचे सरकार आले. त्या नोव्हेंबरात बँक ऑफ इंग्लंडचा किमान व्याजदर १७ टक्क्यांवर गेला. उत्तर समुद्रातील तेलाने पौंड आधीच महाग केला होता. महाग पैसा आणि महाग चलन यांच्या कात्रीत निर्यात करणारा कारखाना सापडतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. १९८० मध्ये कॉव्हेंट्रीच्या कॅन्ली येथील ट्रायम्फ मोटारींची जुळणी थांबली. त्याच वर्षी देशातील बेकारांची संख्या वीस लाखांवर गेली आणि जानेवारी १९८२ मध्ये तिने तीस लाखांचा आकडा ओलांडला. मार्च १९८१ मध्ये ३६४ अर्थशास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र छापून या धोरणाचा निषेध केला. माझ्या व्यवसायबंधूंचे ते पत्र मी आदराने वाचले आहे. पण बेकार पोराने ते वाचले नाही. त्याने ऐकले ते 'घोस्ट टाउन'.

भुतांचे गाव, असे नाव असलेले हे गाणे डॅमर्सने दौऱ्यावर पाहिलेल्या शहरांवरून रचले. ग्लासगोत म्हाताऱ्या बायका घरातली भांडीकुंडी रस्त्यावर मांडून विकत होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे. लेमिंग्टन येथील एका लहानशा स्टुडिओत त्याचे मुद्रण झाले. त्यात रिको रोड्रिग्झचा ट्रॉम्बोन आहे. जमैकाच्या पहिल्या पिढीचा हा वादक. गाणे संथ आहे, भयाण आहे, त्यात घोषणा नाही. जूनमध्ये ते निघाले. एप्रिलमध्ये ब्रिक्स्टन पेटून गेले होते. जुलैत लिव्हरपूलचे टॉक्स्टेथ, मँचेस्टरचे मॉस साइड आणि पाठोपाठ कितीतरी शहरे पेटली, आणि त्याच आठवड्यांत हे गाणे पहिल्या क्रमांकावर आले. तीन आठवडे ते तेथे होते. महिनाअखेर राजपुत्राचा विवाह थाटात झाला.

आणि त्याच वेळी वाद्यवृंद फुटला. हे गाणे दूरदर्शनवर सादर करायला गेले असता हॉल, स्टेपल व गोल्डिंग यांनी आपण जात असल्याचे डॅमर्सला सांगितले. कोणी याचे खापर थकव्यावर फोडतात, कोणी पैशावर. माझा अंदाज निराळा आहे. गाणे कोणते, ते कसे वाजवायचे, पुढची दिशा कोणती, हे ठरवणारा माणूस एकच होता. त्याची दृष्टी बहुधा बरोबर होती, पण बरोबर असणे आणि बरोबरीने ठरवणे या दोन गोष्टी आहेत. समतेचा झेंडा घेऊन निघालेल्या सात जणांना आपसांतल्या मतभेदासाठी बैठकीची साधी पद्धतही घालता आली नाही. येथे बसलेल्यांपैकी ज्यांनी दोन-तीन पक्षफुटी पाहिल्या आहेत, त्यांना यावर अधिक भाष्य नको.

गेलेल्या तिघांनी 'फन बॉय थ्री' काढला. डॅमर्सने उरलेल्यांना आणि नव्यांना घेऊन 'स्पेशल ए.के.ए.' या नावाने काम चालू ठेवले. एका संग्रहावर त्यांनी स्टुडिओत दोन वर्षांहून अधिक काळ घालवला आणि क्रिसॅलिसचे कर्ज डोक्यावर घेतले. बाजारातले स्वातंत्र्य तेथे संपले. त्याच संग्रहातले नेल्सन मंडेलांच्या सुटकेची मागणी करणारे गाणे मार्च १९८४ मध्ये निघाले. नाचण्याजोगे, उल्हासाचे गाणे. ज्यांनी मंडेलांचे नाव पूर्वी ऐकले नव्हते, अशा असंख्य पोरांनी ते त्या ठेक्यावर पहिल्यांदा उच्चारले. गाणे नवव्या क्रमांकापर्यंत पोचले. मंडेला तेव्हा पोल्समूरच्या तुरुंगात होते, आणि त्यांची कैद संपायला अजून जवळजवळ सहा वर्षे होती.