नव्या डिस्कला नवे पॅड

बुलढाण्याहून मलकापूरला जायचं तर राजूर घाट उतरावा लागतो, खामगावला जायचं तर बोथ्याचा. चढताना इंजिन दमलं तर गाडी फार तर उभी राहील. उतरताना मात्र सगळा भार ब्रेकवर असतो. म्हणून गॅरेजात नेहमी निघणाऱ्या एका प्रश्नाबद्दल आज बोलतो.

मेकॅनिक सांगतो, डिस्क झिजली, बदला. गिऱ्हाईक म्हणतं, "डिस्क टाक नवी, पण पॅड तं अजून अर्धे हायेत ना भाऊ, राहू दे तेच." माझं सांगणं सरळ आहे. डिस्क बदलली, की पॅडही बदला.

जात्याला टाकी लावताना एकच तळी टाकून घेऊन दुसरी गुळगुळीत ठेवली, तर पीठ नीट पडत नाही. ब्रेकचंही तसंच आहे. जुन्या डिस्कवर चरे पडलेले असतात आणि वापरून वापरून पॅडही त्याच चऱ्यांच्या आकाराचा झिजतो. असा पॅड सपाट नव्या डिस्कवर पूर्ण टेकत नाही, फक्त त्याचे उंचवटे टेकतात. पकड कमी मिळते, तेवढ्याच जागा जास्त तापतात, आवाज येतो, पेडल थरथरतं. पॅडचे पैसे वाचवताना नवी डिस्क खराब होते.

उष्णता किती असते, त्याचा हिशेब बघा. हजार किलोची गाडी तीनशे मीटर खाली उतरली आणि तिला केवळ ब्रेकनेच आवरलं, तर जवळजवळ दहा लिटर पाणी उकळायला लागेल एवढी उष्णता तयार होते. ती सगळी डिस्क आणि पॅडमध्येच जाते.

उलट बाजूही सांगतो. पॅड संपले म्हणून दर वेळी डिस्क बदलायची गरज नसते. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. जाडी त्याहून पुरेशी जास्त असेल, खोल चरे किंवा तडे नसतील, तर नुसते पॅड बदलून चालतं. बदल मात्र एकाच चाकाला करू नका. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांना एकदमच करा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो पुसून घ्यायला मेकॅनिकला आवर्जून सांगा. आणि हे नक्की लक्षात ठेवा : नवे ब्रेक टाकून त्याच दिवशी घाटात उतरू नका. आधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत बेताने ब्रेक दाबत या. असं आठ-दहा वेळा करा आणि मध्ये थोडं अंतर चालवून ब्रेक थंड होऊ द्या. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला, की खरी पकड येते.

ब्रेक ऑइलकडेही लक्ष द्या, ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या पुढे उकळतं, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. तेव्हा साधारण दोन वर्षांनी तेही बदला. घाट खालच्या गियरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन बंद तर मुळीच नको.

शेगावला दर्शनाला, मलकापूरला आगगाडी गाठायला निघालेली आपलीच माणसं घाट उतरणाऱ्या गाडीत बसलेली असतात. पॅडच्या जोडीची किंमत करताना त्यांच्याकडे बघा.