जमिनीखालचे गणित

(रांजणगाव येथे अभियंते व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महागणपतीच्या या क्षेत्री व्याख्यानासाठी गणित हा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु पुण्याहून ज्या रस्त्याने आपण येथे येतो, त्याच रस्त्यावर शिक्रापूर लागते. उरणहून चाकण-शिक्रापूरपर्यंत आलेली स्वयंपाकाच्या गॅसची वाहिनी हे उपयोजित गणिताचेच भूमिगत उदाहरण आहे.

साधा हिशेब करू. वर्षाला १० लाख टन गॅस घाटावर आणायचा आहे आणि एका टँकरमध्ये १८ टन मावतो, असे धरा. रोज सुमारे १५० भरलेले टँकर बोरघाट चढतील आणि तितकेच रिकामे उतरतील. घाटात टँकर उलटला की काय होते, हे आपणांस सांगावयास नको.

वाहिनी टाकायची ठरली, तर तिचा व्यास किती असावा? प्रवाह तेवढाच ठेवून व्यास एक दशांशाने वाढवला, तर घर्षणात खर्ची पडणारा दाब सुमारे ३८ टक्क्यांनी घटतो. कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पोलाद मात्र साधारण २१ टक्के अधिक लागते. पोलादाचा खर्च एकदाच होतो, पंपाची वीज वर्षानुवर्षे लागते. या दोहोंची बेरीज जेथे किमान होते, तो व्यास निवडावा. सह्याद्रीची चढण मात्र व्यासाला दाद देत नाही. ६०० मीटर उंच डिझेल चढवावयाचे तर पन्नासेक वातावरणांचा दाब त्यासाठीच लागतो, मग नळी केवढीही घ्या.

मुंबई-पुणे-सोलापूर ही हिंदुस्थान पेट्रोलियमची ५०८ किलोमीटरची वाहिनी लोणी काळभोरवरून जाते. अशा वाहिनीत डिझेलच्या पाठोपाठ पेट्रोल सोडतात. मध्ये पडदा नसतो. जेथे दोन्ही भेटतात तेथे मिश्रण होतेच, पण अंतर चौपट झाले तरी मिश्रणाचा पट्टा साधारण दुप्पटच होतो. प्रत्येक खेप मोठी ठेवली तर मिश्रण कमी वेळा होते. पण मग दुसऱ्या इंधनाची वाट पाहत बसणाऱ्या गावासाठी टाक्या मोठ्या बांधाव्या लागतात. साठवण आणि वहन यांचे गणित असे एकमेकांत गुंतलेले असते.

टाकीतून पुढे पंपांपर्यंत जातानाही सामान्य बुद्धी फसते. समजा, दोन डेपो आणि दोन गावे आहेत. पहिल्या डेपोपासून गावांना दर टँकरमागे ३ आणि ४ हजार रुपये पडतात, दुसऱ्यापासून ५ आणि ९ हजार. सर्वांत स्वस्त म्हणून पहिल्या डेपोला पहिले गाव दिले, की दुसऱ्याला ९ चा रस्ता उरतो; बेरीज १२. उलट वाटणीत ४ आणि ५, म्हणजे ९. येथे दोनच गावे आहेत. शेकडो गावे आली की १९४७ मध्ये डँट्झिग यांनी दिलेली पद्धत लागते, जी शक्यतांच्या कोपऱ्याकोपऱ्याने पुढे सरकते. १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका मराठी माणसाने, नरेंद्र करमरकर यांनी, आतल्या बाजूने जाणारी निराळी वाट काढली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या या गणितज्ञाचा आपण अभिमान बाळगतो. त्यांची रीत मात्र किती महाविद्यालयांत मन लावून शिकवली जाते, हा प्रश्न मला छळतो.

आता शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याकडे वळू. १९६२ च्या कायद्यानुसार वाहिनीखालची जमीन त्याच्याच मालकीची राहते, पिकेही घेता येतात. पण त्या पट्ट्यात घर बांधणे, विहीर खणणे, झाड लावणे यांस मनाई असते. वापरहक्काचा मोबदला बाजारभावाच्या १० टक्के, पिकाचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई वेगळी. संगणकाला सर्वांत आखूड रेषा विचारली तर तो बिनदिक्कत बागेतून रेषा ओढील. कारण बाग त्याच्या समीकरणात घातलेलीच नसते. तिची किंमत घातली, तर एखाद-दोन किलोमीटरचा वळसाही पुष्कळदा स्वस्त ठरतो. तो आकडा आणावयास मात्र गटनकाशा घेऊन बांधावर जावे लागते, कारण प्रत्येक बोअरची नोंद सातबाऱ्यावर असतेच असे नाही.