भंडाऱ्याचे पाणी आणि केळीची बाग

बऱ्हाणपूर म्हटले की मोगलांची छावणी आणि 1631 मध्ये तेथे निवर्तलेली मुमताजमहाल आठवते. मला मात्र त्या नगरीचे खरे वैभव जमिनीच्या पोटात आहे असे वाटते. 1615 साली, अब्दुल रहीम खानखाना यांच्या अमदानीत, तबकुतुल अर्ज या इराणी भूगर्भज्ञाने सातपुड्याचे पाणी शहरात आणले. डोंगरातून झिरपून तापीकडे निघालेले हे पाणी त्याने भुयारात धरले आणि केवळ उताराच्या बळावर जाळी करंजापर्यंत खेळविले. भुयारावर विहिरींसारख्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून हवा खेळते आणि गाळ काढण्यासाठी माणूस खाली उतरू शकतो. कुंडी भंडारा हे नाव त्यांवरूनच पडले. 2024 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्याचे नाव आहे.

या भंडाऱ्याचा मोठा गुण असा की, डोंगर देईल तेवढेच तो घेतो. विजेच्या पंपाला हा संयम ठाऊक नाही.

शेजारच्या रावेर-यावलप्रमाणे बऱ्हाणपूरचाही संसार केळीवर चालतो, आणि केळ हे बारमाही पाणी मागणारे पीक. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू यांचे जाड थर आहेत. पावसाचे पाणी त्यांतूनच खाली मुरते. भंडाऱ्याचे आणि कूपनलिकांचे भांडवल तेच. एकाने कूपनलिका खोल नेली की शेजाऱ्याची विहीर आटते. मग शेजारी कर्ज काढून आणखी खोल जातो. पैसा केळीने मिळविला आणि खडकात घातला, असा हा व्यवहार! ठिबक सिंचनाने पाणी वाचते हे खरे; परंतु वाचलेल्या पाण्यावर आणखी चार एकर बाग उभी राहिली, तर जमिनीच्या पदरात काय पडले?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने याचे उत्तर दिले आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने शेतीसाठी कूपनलिका वर्ज्य केल्या, ऊस आणि केळी यांना मज्जाव केला, आणि दरवर्षी पाऊस मोजून पिके ठरविण्याचा शिरस्ता घातला. बऱ्हाणपुराला केळी सोडा म्हणणे म्हणजे त्याला उपाशी राहा म्हणणे आहे; तसे मी म्हणणार नाही. हिशेब मात्र उचलता येईल. शिवाय घड उतरविल्यावर टाकून दिलेल्या खोडापासून धागा काढून स्त्रियांचे बचत गट वस्तू बनवू लागले आहेत. या मिळकतीला एका थेंबाचाही जादा उपसा लागत नाही.

तापीचे पुराचे पाणी या थरांत मुरविण्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार 2025 च्या मे महिन्यात मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत झाला. योजना मोलाची आहे. पण सरकारने मुरवावे आणि आपण उपसावे, अशी वाटणी झाली तर ती पुरी पडणार नाही.

घरोघरी नळ पोचल्याचे प्रमाणपत्र 2022 मध्ये देशात सर्वप्रथम मिळविणारा जिल्हा हाच, आणि ते ग्रामसभांच्या ठरावांवरूनच मिळाले. त्याच ग्रामसभेने पावसाळा सरताच गावातील विहिरींची पातळी मोजून फळ्यावर लिहावी, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावे, आणि मगच यंदा कांदेबाग किती एकर लावायची ते ठरवावे.