संशोधन आपल्या दारी



संशोधन म्हटले की परदेशातील एखादी भव्य प्रयोगशाळा डोळ्यांपुढे उभी राहते. तेथे आपल्या मुलांचे काय काम, असे पालक विचारतात आणि दहावीनंतर हुशार मुलेही विज्ञानाकडे पाठ फिरवतात. मुलींच्या बाबतीत तर प्रश्नही विचारला जात नाही; उत्तर आधीच ठरलेले असते. म्हणून आज महाराष्ट्रातीलच तीन उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले मेंढीचे. आपल्या माळरानावर चरणारी दख्खनी मेंढी काटक खरी, परंतु एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातील गरोल मेंढी अंगाने लहान, पण तिला जुळी-तिळी होतात. हा गुण एका विशिष्ट जनुकामुळे येतो, हे २००२ साली स्पष्ट झाले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दोन्ही जातींचा संकर करून पुढे 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. कोकराच्या अंगी तो गुण उतरला आहे की नाही, हे रक्त तपासून कळते. अर्थात जुळी झाली की दूध आणि खुराकही जास्त लागतो. तेवढी काळजी घेतली तरच मेंढपाळाच्या पदरात काही पडते. या कामाची धुरा डॉ. चंदा निंबकर या महिलेने वाहिली, हे मुलींच्या पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावे.

दुसरे माशाचे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. तेथे मंदिर आहे, कुंड आहे, भाविकांची ये-जा आहे. त्याच कुंडातील एक इवलासा मासा विज्ञानाला ठाऊकच नव्हता! २०२० साली तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. नदीवरूनच त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. नाव मिळाले, म्हणून रक्षण करता आले.

तिसरे तर आपल्या सोलापूरचेच. १८ मे २०१७ रोजी पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या पथकाने भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. रुग्ण सोलापूरची तरुणी होती आणि गर्भाशय देणारी तिची आई होती. २००० साली सौदी अरेबियात असा प्रयत्न झाला होता. परंतु काही महिन्यांतच ते गर्भाशय काढावे लागले. स्वीडनच्या डॉक्टरांनी उंदीर, मेंढी आणि माकडांवर वर्षानुवर्षे अभ्यास केला, तेव्हा कोठे २०१४ साली पहिले बाळ जन्मले. पुण्यातील त्याच रुग्णालयात २०१८ च्या ऑक्टोबरात गुजरातच्या एका महिलेला अशाच प्रत्यारोपणानंतर मुलगी झाली. शस्त्रक्रिया झाली म्हणजे काम संपत नाही. परके अवयव शरीराने नाकारू नयेत म्हणून कडक औषधे घ्यावी लागतात.

मित्रहो, मेंढी सर्वांनी पाहिली होती, कुंडही सर्वांनी पाहिले होते. फरक पडला तो पाहून प्रश्न विचारण्यात आणि उत्तर मिळेपर्यंत चिकाटीने नोंदी ठेवण्यात. अपयश आले तरी त्याचीही नोंद राहिली, म्हणून पुढच्याला वाट सापडली.

आपल्यापैकी अनेकांच्या अंगणात शेळी बांधलेली असते. ती केव्हा व्याली, किती करडे झाली, त्यांतील किती जगली, दूध किती दिले, हे मुलांनी वहीत तारखेसह लिहावे. शेजारच्या घरची नोंदही शेजारी मांडावी. वर्षभराने त्या वहीतून एखादा प्रश्न उभा राहील, ज्याचे उत्तर पुस्तकात नसेल. तो प्रश्न घेऊन मुलगा किंवा मुलगी आपल्यापुढे आली, तर "आधी अभ्यास कर" असे म्हणू नका. तोही अभ्यासच आहे. आणि प्रश्न मुलीचा असेल, तर तिची शाळा दहावीवर थांबवू नका, एवढीच या शिक्षकाची आपणांस विनंती आहे.