किर्लोस्करवाडी ते मिरज : एक वेगळी सहल

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेले भाषण)



सहलीचा विषय निघाला की आपल्या शाळेत दरवर्षी तोच संवाद होतो. मुले म्हणतात महाबळेश्वर, पालक विचारतात खर्च किती, आणि शेवटी एक खाजगी बस ठरवून आम्ही मुलांना कुठल्या तरी पॉईंटवर उभे करतो, फोटो काढतो आणि रात्री परत आणतो. डोंगर पाहणे वाईट नव्हे. पण मुलांना दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला सांगितला की पन्नासपैकी चाळीस वह्यांत एकच वाक्य सापडते, "आम्ही खूप मजा केली." मजा कसली केली, ते मात्र कोणाला सांगता येत नाही.

म्हणून गेल्या वर्षी नववीच्या मुलामुलींना आम्ही पॅसेंजर गाडीत बसवले आणि पुणे-मिरज मार्गावरच्या तीन ठिकाणी नेले : किर्लोस्करवाडी, सांगलीजवळचे हरिपूर आणि मिरज. यात एकही थंड हवेचे ठिकाण नाही. वाट दाखवायला आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोळकडचे नातलग होते. उभा जन्म फौंड्रीत मोल्डर म्हणून काढलेले. सगळे त्यांना नाना म्हणतात. मार्गदर्शक म्हणून यापेक्षा चांगला माणूस मला मिळाला नसता. ते पाठ केलेले काही सांगत नाहीत. विचारले तर सांगतात, आणि ठाऊक नसेल तर "ते मला ठाऊक नाही" म्हणतात.

किर्लोस्करवाडी हे स्टेशनाचे मूळ नाव नव्हे. पूर्वी त्याला कुंडल रोड म्हणत. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. पण रंग ओळखण्यात त्यांच्या डोळ्यांना दोष निघाला आणि रंगकाम सोडावे लागले. मग ते व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत यंत्रांचे ड्रॉईंग शिकवू लागले, म्हणजे आमच्यासारखेच मास्तर. तिथे बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे १८८८ पासून किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. पुढे त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमीन विषारी होते! पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोडजवळचा ३२ एकरांचा माळ दिला. निवडुंग आणि नाग यांखेरीज त्यावर काही नव्हते. १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली.

विद्यार्थी मित्रांनो, ही हकिकत तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. पण नानांनी मुलांना त्या रस्त्यांवरून चालवत नेले आणि मध्येच विचारले, "इथे पाणी नव्हते, रस्ता नव्हता, दुकान नव्हते. मग कामगार कशाला आले असतील?" एकजण म्हणाला, पगारासाठी. नाना म्हणाले, पगार तर शहरातही होता. इथे घर होते, शाळा होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनासुद्धा लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर ठेवले होते. १९२० साली याच माळावरून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले, ते पुढे महाराष्ट्रभर वाचले गेले. भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला याचे विशेष वाटते. जिथे नांगराचे फाळ ओतले जात तिथेच एक चांगले मासिक छापले जात होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकाने एखाद्या ओळीत तरी सांगायला हरकत नव्हती. आज तिथे मुख्यतः पंप तयार होतात.

नंतर नानांनी आम्हाला त्याच परिसरातल्या एका लहान फौंड्रीत नेले. मालक त्यांच्या ओळखीचे होते. लाकडी नमुना वाळूत दाबून साचा कसा करतात, वाळू किती ओली असावी हे मोल्डर मुठीत दाबून कसे ओळखतो, ते मुलांनी पाहिले. फार ओली झाली तर लोखंड पडताच वाफ होऊन माल फुटक्या अंगाचा निघतो; कोरडी राहिली तर साचा ढासळतो. नानांनी प्रत्येकाच्या हातावर मूठभर वाळू दिली. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याचे गणित कच्चे आहे आणि सुट्टीत तो मामाच्या गॅरेजमध्ये काम करतो. त्याने वाळू दाबली आणि म्हणाला, "जरा पाणी कमी आहे." नानांनी त्याच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "बरोबर." त्या मुलाला शाळेत 'बरोबर' हा शब्द कितीदा ऐकायला मिळाला असेल, याचा विचार मी परतीच्या गाडीतही करत होतो.

पालकांनो, इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे. आपल्यातले अनेकजण म्हणतात, मुलाचे डोके चालत नाही, त्याला नववीतून काढून गॅरेजला घालतो. हात चालतो, ही गोष्ट खरी. पण लेथवर ड्रॉईंग वाचता आले नाही, मायक्रोमीटरचे माप लिहिता आले नाही, तर तो मुलगा आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राहतो. नाना स्वतः सातवीत शाळा सोडलेले. त्यांनीच मुलांना सांगितले की त्यांच्या मागून आलेले आयटीआयचे पोरगे त्यांचे सुपरवायझर झाले. कारण एकच, त्यांना कागद वाचता येत होता. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. पण मुले गप्प झाली.

सांगलीला उतरून आम्ही हरिपूरला गेलो. कृष्णा आणि वारणा यांचा संगम इथे आहे, संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि 'शारदा' नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. सांगलीतच १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. तो इतिहास तुम्हाला परीक्षेसाठी पाठच आहे. आम्ही गेलो ते हळदीची पेवे पाहायला. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशी ही कोठारे. इथली मातीच अशी की भिंत बांधावी लागत नाही. आत हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही. का लागत नाही? हवा कोंडली जाते, प्राणवायू उरत नाही, किडा जगणार कसा? म्हणूनच पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नाही. हा धडा विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. आणि 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, तो कुठून आला हे मुलांना मी तिथे, पेवाच्या तोंडाशी उभे राहून विचारले. फळ्यासमोर विचारले असते तर कोणी वर पाहिले नसते.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण पेवे आता फार थोडी उरली आहेत. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले, आणि हल्ली माल गोदामांत व शीतगृहांत ठेवतात.

मिरज तिथून जवळच. मिरजेचे नाव आपल्या घरात दवाखान्यामुळे माहीत असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळी लातूरला पाण्याची रेल्वेगाडी इथूनच निघाली होती, तेही काहींना आठवत असेल. परंतु मला मुलांना दाखवायची होती ती सतारमेकरांची गल्ली.

शिकलगार हा शब्द अरबी 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणे यावरून आला. तलवारी, भाले, जंबिये यांना पाणी देणारे हे कारागीर. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल पक्का झाला, शस्त्रे संपली, धंदा बसला. तेव्हा मिरजेतल्या फरीदसाहेब शिकलगार यांनी आणि त्यांच्या घराण्याने वाद्ये दुरुस्त करता करता ती बनवण्याची विद्या हस्तगत केली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय होता. ज्या हातांनी पोलादाला धार लावली, त्याच हातांनी तंबोऱ्याला आवाज दिला. आपल्या समाजात बसून आपण नेहमी म्हणतो, आमचे धंदे गेले. धंदा गेल्यावर काय करायचे, याचे उत्तर या एका गल्लीने दीडशे वर्षांपूर्वी दिलेले आहे, आणि ते नुसत्या तक्रारीचे नाही.

तंबोऱ्याचा भोपळा हा खाण्याचा नव्हे, तो कडू. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. कित्येक महिने वाळवून, मग भिजवून, कापून, आतून साफ करतात. दांडी व गळा तुणाच्या लाकडाचे. पुरुषांच्या आवाजाचा तंबोरा मोठा, बायकांचा लहान. हे सगळे डोळ्यांना दिसते. जे दिसत नाही ते म्हणजे जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसीने इतका हलका घासतात की तार तिला पुरती टेकतही नाही आणि सुटतही नाही. मग तार आणि घोडी यांमध्ये एक सुती धागा सरकवतात. धागा केसभर मागे-पुढे झाला की आवाज मेला किंवा जिवंत झाला. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही याचे कुतूहल वाटले, सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या या घोडीवर लेख लिहिला.

तिथल्या एका वृद्ध कारागिरांनी, मुले त्यांना चाचा म्हणू लागली होती, सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. तार छेडली, धागा हलवला, पुन्हा छेडली. "फरक कुणाला कळला?" तीन हात वर आले, त्यांतले दोन मुलींचे. चाचांनी त्यातल्या एकीला जवळ बसवून धागा तिच्या बोटांत दिला. तिने सरकवत सरकवत नेमक्या जागी आणला. तिच्या वडिलांनी तिला सहलीला पाठवायला आधी नकार दिला होता, हेही सांगतो. ते आज या सभागृहात बसले आहेत आणि मी हे बोलणार असल्याचे त्यांना आधीच विचारून ठेवले आहे.

मी चाचांना विचारले, पुढे हे काम कोण करणार? ते म्हणाले, "मुलगा शिकला, पुण्यात नोकरीला लागला. चांगलं झालं. या कामात पैसा कमी आणि बसणं जास्त. पण लाकूड दुसऱ्याला देता येतं, कान कसा देणार?" मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचवेळी तंबोऱ्याचा सूर आता मोबाईलमध्येही मिळतो. मानांकनाने नावाची राखण होईल. गिऱ्हाईक येईलच असे नाही. शिकलेल्या मुलाने परत येऊन तिथे बसावे असे मी म्हणणार नाही, तसे सांगायचा मला अधिकारही नाही. पण शिकलेला मुलगा हिशेब ठेवू शकतो, परदेशी गिऱ्हाईकाला पत्र लिहू शकतो, लाकडाला पर्याय शोधू शकतो. शिक्षण आणि हुन्नर यांत एकच निवडायचे, असे कोणी ठरवले?

संध्याकाळी आम्ही मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथेच आहे. उत्तरेतल्या कैरान्याचा हा गवई मिरजेचा झाला, मराठी नाट्यपदे गायला, आणि १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात वारला. वाद्य दुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चालत असे. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणे होते, आणि उरुसातला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. मुलांनी हे ऐकले आणि कोणालाच त्यात नवल वाटले नाही. मला तेच आवडले.

या वर्षीची सहल जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी आहे, सकाळच्या पॅसेंजरने जाऊन रात्रीच्या गाडीने परत. सोबत दोन शिक्षिका असतील. खाजगी बसपेक्षा रेल्वेचे तिकीट पुष्कळ स्वस्त पडते, त्यामुळे वर्गणी कमी आहे. ज्यांना तीही जड वाटते त्यांनी मुख्याध्यापकांना एकट्याने भेटावे, नाव कुठे लिहिले जाणार नाही. संमतीपत्रके वर्गशिक्षकांकडे आहेत. मुलींच्या पालकांनी ती आजच घेऊन जावीत अशी माझी खास विनंती आहे. दुपारचा डबा, पाण्याची बाटली आणि एक वही बरोबर द्यावी. फौंड्रीत चप्पल चालत नाही. पायात बूट हवेत, आणि नसतील तर शेजाऱ्याचे मागून आणले तरी चालतील.